सपाट पडद्यावरची तिसरी दिशा

अ‍ॅनालॉग संगणकात प्रत्येक राशीच्या जागी एक व्होल्टेज असते आणि समीकरण सांगेल तसे ते बदलत राहते. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ साली मांडलेली तीन समीकरणे अशा यंत्रावर बसवायला तीन इंटिग्रेटर, दोन गुणक आणि सहगुणक ठरवणारे काही पोटेन्शिओमीटर एवढ्यात भागते. स्वतः लॉरेन्झ यांनी ती डिजिटल संगणकावर सोडवली होती. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ विद्यापीठात रॉबर्ट शॉ यांनी ती अ‍ॅनालॉग यंत्रावर चालवली. एक्स, वाय आणि झेड ही तिन्ही व्होल्टेज तेथे एकाच वेळी मिळतात. ऑसिलोस्कोपच्या ठिपक्याला मात्र आडवी आणि उभी अशा दोनच दिशा.

आडवे एक्स, उभे झेड जोडले की फुलपाखराचे दोन पंख उमटतात. चित्र देखणे खरे, पण फसवे. पडद्यावर रेषा एकमेकींना छेदतात. मूळ वक्र स्वतःला कधीच छेदत नाही, त्याचा एक फेरा दुसऱ्याच्या मागून जातो.

यावर उपाय म्हणजे वक्र फिरवून पाहणे. उभ्या अक्षाभोवती तो ३० अंश फिरवायचा, तर एक्सचा ०.८६६ पट आणि वायचा ०.५ पट भाग बेरजेच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मिळवून आडव्या दिशेला द्यायचा. वायच्या ०.८६६ पटीतून एक्सची ०.५ पट वजा केली की खोली मिळते. तिचा थोडा अंश झेडमध्ये मिसळून उभ्या दिशेला दिला, की वक्र किंचित वरून पाहिल्यासारखा दिसतो. कोन स्थिर असेल तर हे सारे पोटेन्शिओमीटरवर होते. वक्र सतत फिरता हवा असेल, तर आणखी दोन इंटिग्रेटर जोडून मंद साइन-कोसाइन लहरी तयार कराव्या लागतात आणि चार गुणक जादा लागतात. गुणक हा यंत्रातला महागडा भाग, पण खर्च वाया जात नाही: थांबलेल्या चित्रात सपाट वाटणारा वक्र फिरू लागताच डोळ्याला त्याची खोली कळते.

खोलीचे व्होल्टेज ऑसिलोस्कोपच्या उजेड-नियंत्रणालाही देता येते. मग जवळचा भाग ठळक आणि दूरचा फिका दिसतो. काही ऑसिलोस्कोपांत धन व्होल्टेजने उजेड वाढतो, काहींत कमी होतो. चिन्ह उलटे पडले तर वक्र आतबाहेर उलटल्यासारखा भासतो. शिवाय ठिपका जेथे सावकाश सरकतो तेथे रेषा आपोआपच ठळक होते, त्यामुळे उजेडावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

तिसरी रीत जोडचित्राची. काही अंशांच्या फरकाने घेतलेली दोन दृश्ये इलेक्ट्रॉनिक स्विचने आलटून पालटून शेजारी-शेजारी काढायची आणि डाव्या डोळ्याला डावे, उजव्याला उजवे दिसेल अशी भिंगे लावायची. अदलाबदल वेगाने झाली, तर दोन्ही चित्रे सलग दिसतात.