अंगणाची फरशी आणि काही हट्टी समज

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा किंवा तळोद्याच्या नव्या वसाहतीत घर बांधून झालं की शेवटचा खर्च उरतो तो पुढच्या अंगणाचा. तोवर हात आखडलेला असतो. मग दुकानात जी फरशी चकाकते आणि परवडते, ती ठरते. निवडीमागे चार ऐकीव गोष्टी असतात आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या असतात.

सगळ्यात महागात पडणारा समज जाडीचा. फरशी दोन पावसाळ्यांत हलू लागली, मधोमध खचली, की ‘पातळ दगड घेतला म्हणून’ असं म्हटलं जातं. खरा दोष बहुतेक वेळा खालच्या मातीचा असतो. तापीकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच या मातीच्या. तीच माती अंगणाखाली ठेवून वर वाळू-सिमेंटचा पातळ थर दिला, तर दोन इंची दगडसुद्धा वर-खाली होणारच. निदान फूटभर काळी माती काढायची, मुरूम थराथराने टाकायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस करायची, मग काँक्रीटचा कोबा करायचा आणि त्यावर फरशी बसवायची. उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, पाच-सहा फुटांमागे साधारण एक इंच. नवापूरकडे पाऊस शहाद्यापेक्षा बराच जास्त पडतो, तिथे या उताराकडे दुर्लक्ष केलं तर पाणी थेट भिंतीच्या पायाशी साचतं. फरशीवरचे पैसे कमी पडले तर हलका दगड घ्यावा, पण मुरमावर काटकसर करू नये.

दुसरा समज असा की चांगला दगड बाहेरूनच येतो. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, कडप्पा आंध्रातून, कोटा राजस्थानातून येतो हे खरं. पण नंदुरबार ज्या खडकावर वसलं आहे तो दख्खनचा काळा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वेरूळचं कैलास लेणं याच खडकात कोरलेलं आहे. नंदुरबार-धुळे पट्ट्यात तर आणखी एक विशेष आहे. इथे लाव्हा जमिनीच्या फटींत शिरून थिजला आणि त्याच्या उभ्या भिंती तयार झाल्या. आजूबाजूचा खडक झिजला, या भिंती उरल्या. रस्त्याने जाताना पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अरुंद, सरळ टेकड्यांच्या रांगा दिसतात, त्यांतल्या बऱ्याच याच. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात; 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दोनशेच्या वर डाइकची नोंद आहे. त्यांतला खडक प्रामुख्याने डोलेराइट. दुकानात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून जे विकलं जातं, त्यातला बराचसा माल ग्रॅनाइट नसून डोलेराइट किंवा गॅब्रोच असतो, म्हणजे या टेकड्यांचा जवळचा नातेवाईक.

अर्थात प्रत्येक काळा दगड सारखा नसतो. भोकाभोकांचा, पांढऱ्या खड्यांनी भरलेला बेसॉल्ट लवकर झिजतो. हातोडीने ठोकून पाहावं: घट्ट दगड खणखणीत वाजतो, कुजका बद्द आवाज करतो. स्थानिक दगड गौण खनिजात मोडतो, त्यामुळे विक्रेत्याकडे वाहतूक परवाना आहे की नाही हे जरूर विचारावं.

‘दगड तो दगड, त्याला काय होतंय’ हाही एक समज. शहाबादी, कडप्पा, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि चुनखडीचं आम्लाशी जमत नाही. लोणच्याच्या दिवसांत लिंबाचा रस सांडला, चिंचेचं पाणी पडलं किंवा कुणी फरशी लख्ख व्हावी म्हणून बाथरूमचं अ‍ॅसिड ओतलं, की पॉलिश उडून पांढुरका डाग कायमचा राहतो. तो घासून जात नाही, कारण तो मळ नसून दगडच खाल्ला गेलेला असतो. शिवाय चुनखडीतलं कॅल्साइट मऊ असतं आणि चपलेबरोबर येणाऱ्या वाळूतले क्वार्ट्झचे कण त्याच्या दुपटीहून कठीण. म्हणून वर्दळीच्या वाटेवर कोट्याची चमक आधी जाते. बेसॉल्ट आणि ग्रॅनाइट या दोन्ही बाबतींत उजवे.

मग उन्हाचं काय? ‘दगड थंड असतो’ हे घरात खरं आहे, कारण तिथे तो सावलीत असतो. उष्णता झटकन वाहून नेण्याचा त्याचा जो गुण घरात पायाला गारवा देतो, तोच उन्हात तापल्यावर पाय पोळवतो. नंदुरबारचा मे चाळीस अंशांच्या वर जातो. पश्चिमेच्या उघड्या अंगणात काळा दगड, मग तो घरचा असो की बाहेरचा, दुपारी अनवाणी चालण्याजोगा राहत नाही. तिथे फिकट कोटा बरा. काळा दगड कडुनिंबाच्या सावलीत, पडवीलगत किंवा पायऱ्यांना शोभतो. आणि सगळं अंगण फरसबंद करण्याची सक्ती कुणी केलेली नाही. झाडाच्या बुंध्याभोवती माती मोकळी राहिली तर झाडही जगतं.

पॉलिशबद्दल एवढंच: उघड्या अंगणात आरशासारखी फरशी म्हणजे पावसाळ्यात घसरण. शेवाळ धरलं की आणखी वाईट. घरात म्हातारी माणसं असतील तर खरबरीत फरशीच घ्यावी. काही महिन्यांनी सांध्यांतून पांढरी पूड येऊ लागली, तर दुकानदाराशी भांडण्याआधी खालची ओल पाहावी. बहुतेकदा तो लोणा असतो, सिमेंट आणि मातीतले क्षार पाण्याबरोबर वर आलेले. वरून सीलर फासून तो थांबत नाही, आणि सीलर स्वतःही दर काही वर्षांनी पुन्हा लावावा लागतो.

दुकानात सौदा पक्का करण्याआधी नमुन्याचा एक तुकडा मागून घरी न्यावा. दुपारी दोन वाजता उन्हात ठेवून त्यावर हात टेकवून पाहावा, पाणी ओतून पाय घासून पाहावा, लिंबाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसावा, तेलकट बोटं त्यावर फिरवावीत. यात तुकडा उतरला तरच गाडी भरायला सांगावी.