गोधडी शिवताना कंबर सांभाळा

शेतीची कामे आटोपली की आमच्या डिंभे परिसरात घरोघरी गोधड्या पसरतात आणि माझ्याकडे कंबरदुखीच्या तक्रारी वाढतात. दुखणे शिवण्याचे नसून तासन् तास वाकून बसण्याचे असते. जुनी लुगडी धुऊन उन्हात वाळवावीत. धुळीने दमा उफाळतो. थर मोठ्या टाक्यांनी पक्के करून बाकीची गोधडी गुंडाळावी, शिवायचा भागच मांडीवर घ्यावा. दाराशी उजेडात, भिंतीला पाठ टेकून बसावे. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. सुया मोजून डबीत ठेवाव्यात. घरात रांगते मूल असते. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवेना, तर डोळे तपासून घ्यावेत. कंबरेतून पायात कळ जाऊन बधिरपणा आला, तर मात्र अंगावर काढू नये.