पेट्रोलचा कर, तीन न्यायमूर्ती आणि आपला मराठी माणूस

आंबागडाहून खाली उतरून तुमसरला गाडीत पेट्रोल भरलं, की दोन सरकारांना कर जातो. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. एकाच पेट्रोलवर दोघांनी कर कसा घ्यायचा, हा तंटा फार जुना आहे. त्याचा निवाडा १९३८ साली झाला आणि तो चक्क आपल्याच प्रांतावरून झाला!

त्या काळी तुमसरचा भंडारा जिल्हा ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात होता, राजधानी नागपूर. प्रांतिक सरकारने पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला. दिल्ली म्हणाली, हे तर उत्पादन शुल्कच, आणि ते घ्यायचा हक्क फक्त आमचा. नागपूर म्हणालं, आम्ही पेट्रोल बनवतच नाही, आम्ही विक्रीवर कर घेतोय. शेवटी गव्हर्नर जनरलने प्रश्न फेडरल कोर्टाकडे सल्ल्यासाठी पाठवला. या नव्या कोर्टापुढे आलेलं हे पहिलंच मोठं प्रकरण.

कोर्ट होतं केवढं? अवघ्या तीन न्यायमूर्तींचं. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. १९३७ साली सुरू झालेल्या या कोर्टाला स्वतःची इमारत नव्हती. दिल्लीच्या जुन्या संसद भवनात संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळाचं जे दालन होतं, तिथेच कामकाज चाले. पुढे सर्वोच्च न्यायालयही १९५८पर्यंत तिथेच बसत होतं.

निकाल प्रांताच्या बाजूने लागला. उत्पादन शुल्काचा अर्थ इतका ताणला की विक्रीही त्यात आली, तर प्रांतांना दिलेला विक्रीकराचा अधिकार कागदावरच राहील, हा त्यातला कळीचा मुद्दा. तिघांनी आपापली मतं स्वतंत्र लिहिली, पण उत्तर एकच दिलं. राज्यांच्या तिजोरीचा एक मोठा आधार या निकालाने पक्का झाला. जीएसटी आल्यावरही पेट्रोल त्याच्या बाहेरच आहे आणि राज्यं त्यावर विक्रीकर घेतातच.

आता खरी गंमत. जयकरांचा आणि पेट्रोलच्या कराचा संबंध या खटल्याच्या दहा वर्षं आधीचा! १९२७ साली रस्त्यांचा विचार करायला सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष जयकर. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पोरांना ही ‘जयकर समिती’ पाठच असते. तिने सुचवलं की पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो पैसा रस्त्यांवरच खर्च करा. गॅलनमागे दोन आणे कर बसला आणि १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. म्हणजे जयकर न्यायासनावर आले तेव्हा पेट्रोलवरच्या कराचं अर्थकारण त्यांना चांगलंच ठाऊक होतं. वकिलाने रस्त्यांचं धोरण लिहावं आणि ते इतकं टिकावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

न्यायमूर्ती होण्याआधीची त्यांची कामं तरी किती! जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने नेमलेल्या पंजाब चौकशी समितीत ते गांधीजी आणि चित्तरंजन दास यांच्यासोबत होते. १९३० साली तेजबहादूर सप्रूंबरोबर त्यांनी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या भेटी घेतल्या, सरकारशी समझोता घडावा म्हणून. तो तेव्हा जमला नाही. मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, त्यातही या जोडीची धडपड होतीच. दिल्लीतली न्यायासनाची कारकीर्द मात्र छोटी. १९३९ साली ते लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर गेले.

जयकरांच्या शेजारी बसणारे सुलेमान गणितातही मुरलेले. कोर्टाच्या कामातून वेळ काढून त्यांनी आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाला आव्हान देणारे शोधनिबंध लिहिले. शास्त्रज्ञांना ते पटले नाहीत, पण न्यायमूर्तीने असल्या विषयाला हात घालावा हीच केवढी मोठी गोष्ट!

आणि ही माहिती तर अनेक वकिलांनाही नसते. त्या तिन्ही न्यायमूर्तींनी कुलगुरुपद भूषवलं. ग्वायर दिल्ली विद्यापीठाचे, सुलेमान अलीगढचे आणि जयकर १९४८ ते १९५६ पुणे विद्यापीठाचे. जयकर तर तिथले पहिलेच कुलगुरू. महाराष्ट्रासाठी वेगळं विद्यापीठ असावं का, हे ठरवायला नेमलेल्या समितीचेही तेच अध्यक्ष होते. गणेशखिंडीतल्या ज्या वास्तूत मुंबईचा गव्हर्नर पावसाळ्यात येऊन राही, तिथे हे विद्यापीठ थाटलं गेलं आणि त्याच्या ग्रंथालयाला पुढे जयकरांचं नाव मिळालं.