आभासी डेस्कटॉप व्यवस्थापन प्रणालीचे उन्नयन : होरायझन ७ ते होरायझन ८

प्रस्तावना :
पडदा व कळफलक वापरकर्त्याच्या टेबलावर, तर कार्यप्रणाली व माहिती मध्यवर्ती सर्व्हरवर, अशा रचनेस आभासी डेस्कटॉप असे म्हणतात. अशा डेस्कटॉपची निर्मिती, वाटप व देखभाल करणारी 'होरायझन' ही प्रणाली व्हीएमवेअर कंपनीने विकसित केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि २०२४ मध्ये होरायझन ओम्निसा या स्वतंत्र कंपनीकडे गेली. होरायझन ७ ही आवृत्ती २०१६ मध्ये, तर होरायझन ८ ही २०२० मध्ये उपलब्ध झाली. या दोहोंमधील संक्रमणात वापरकर्त्याच्या माहितीचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बदलाचे स्वरूप :
होरायझन ७ चे जुने व्यवस्थापन पटल फ्लॅश तंत्रावर आधारलेले होते. अॅडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेतला. होरायझन ८ मध्ये हे पटल नाही. बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी असलेला सिक्युरिटी सर्व्हरही वगळला असून त्याचे काम युनिफाइड अॅक्सेस गेटवे करतो.

तथापि, सर्वांत दूरगामी बदल डेस्कटॉप निर्मितीच्या पद्धतीत झाला. पूर्वीच्या 'लिंक्ड क्लोन' पद्धतीत मूळ यंत्राची एक प्रतिकृती सर्वांसाठी सामाईक असे आणि प्रत्येक डेस्कटॉपवरील बदल स्वतंत्र डिस्कवर साठत. हे काम व्ह्यू कंपोझर ही सेवा स्वतःच्या डेटाबेसच्या साहाय्याने करीत असे. होरायझन ८ च्या सुरुवातीच्या आवृत्तीनंतर ही सेवा काढून टाकण्यात आली. तिची जागा घेणारी 'इन्स्टंट क्लोन' पद्धत होरायझन ७ पासूनच उपलब्ध होती. तीत कंपोझरची वा त्याच्या डेटाबेसची गरज नसते व डेस्कटॉप अत्यल्प वेळात तयार होतो.

माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्न :
लिंक्ड क्लोनमध्ये विशिष्ट व्यक्तीस नेमून दिलेल्या डेस्कटॉपला 'पर्सिस्टंट डिस्क' जोडून तिची कागदपत्रे जपता येत. याउलट सामाईक वापराच्या इन्स्टंट क्लोनमध्ये वापरकर्ता लॉग-आउट होताच ते यंत्र पुसले जाऊन नवे तयार होते. परिणामी डेस्कटॉपवरच जतन केलेली फाइल दुसऱ्या दिवशी सापडत नाही. यंत्रणेच्या दृष्टीने हे उन्नयन यशस्वी ठरले, तरी वापरकर्त्याच्या दृष्टीने ती हानीच होय. म्हणून कागदपत्रांचे फोल्डर फाइल सर्व्हरकडे वळविणे आणि वापरकर्त्याची मांडणी एफएसलॉजिक्ससारख्या साधनाने यंत्राबाहेर ठेवणे, हे काम आधी पूर्ण व्हावे लागते.

उन्नयनाचा क्रम :
१) कनेक्शन सर्व्हरवरील रचनेची व कंपोझरच्या डेटाबेसची राखीव प्रत घेणे.
२) वापरकर्त्यांची माहिती यंत्राबाहेर हलवून ती उघडते की नाही, हे पडताळणे.
३) लिंक्ड क्लोनचे डेस्कटॉप-समूह इन्स्टंट क्लोनमध्ये नव्याने उभारणे.
४) समूहातील सर्व कनेक्शन सर्व्हर एकाच नव्या आवृत्तीवर आणणे.
५) त्यानंतर मूळ यंत्रातील एजंट व शेवटी वापरकर्त्यांकडील क्लायंट अद्ययावत करणे.

प्रथम एका लहान गटावर हा क्रम राबविल्यास उणिवा मर्यादित क्षेत्रातच लक्षात येतात.

निष्कर्ष :
नव्या प्रणालीत यंत्र क्षणभंगुर झाले आहे. माहिती तशी होऊन चालत नाही. त्यामुळे अशा उन्नयनाचे नियोजन सर्व्हरपासून नव्हे, तर वापरकर्त्याची माहिती कोठे साठते या प्रश्नापासून सुरू होणे आवश्यक आहे.