तुरा आला, दाणा नाही

दिवाळी सरता सरता बारामतीहून इंदापूरकडे निघालं, की भवानीनगरच्या आसपास उसाच्या फडांवर रुपेरी तुरे डोलताना दिसू लागतात. पाहुणे गाडी थांबवून फोटो काढतात. मालकाच्या कपाळावर मात्र आठ्या. तुरा आला की शेंड्याची वाढ थांबते. दीड-दोन महिन्यांत तोड मिळाली तर ठीक, नाहीतर डोळे फुटून पांगशा निघतात, कांड्यांत दशी पडते, साखर घटते. मग तोडणीची टोळी लवकर यावी म्हणून कारखान्याच्या चिटबॉयची मनधरणी सुरू होते.

ऊस हा ज्वारीच्याच कुळातला. मग तिच्या कणसासारखे दाणे या तुऱ्यातून का झडत नाहीत?

निम्मं उत्तर हवेत आहे. ऑगस्टअखेरीस दिवस साडेबारा तासांवर उतरतो, तेव्हा पक्व उसाच्या शेंड्यात पानांऐवजी फुलोरा घडू लागतो. तो बाहेर पडेपर्यंत आपल्याकडे थंडी आलेली असते. रात्रीचं तापमान 20 अंशांखाली गेलं, की परागकण वांझ होतात. उरलेलं उत्तर उसाच्या वंशात आहे. आजचा ऊस म्हणजे गोड ऊस आणि काशगवत यांचा संकर. त्याच्या पेशीत 100 ते 130 गुणसूत्रं, माणसाच्या 46 असतात. एवढ्या गर्दीत जोड्या नीट जुळत नाहीत. शिवाय हजारो वर्षं आपण कांडीच लावत आलो. बी धरणारा ऊस कोणी निवडलाच नाही. कलमांवर वाढवलेल्या, बंगल्याच्या कुंपणावरच्या बोगनवेलीलाही बी क्वचितच धरतं. माणसाला रंग, रस हवा होता. बियांची फिकीर कुणाला?

एकेकाळी तज्ज्ञही उसाला वांझच समजत. 1887-88 च्या सुमारास जावा आणि बार्बाडोस इथं उसाच्या बियांपासून रोपं उगवली आणि तो समज मोडला. 1912 मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. बार्बर आणि वेंकटरामन यांनी तिथं गोड उसाचा काशाशी संकर केला, त्यातून 1918 मध्ये को 205 ही जात आली. कोइमतूर विषुववृत्ताच्या जवळ, हवा उबदार, म्हणून तिथं तुऱ्यात बी भरतं. हे बी जेमतेम दीड मिलिमीटरचं, कापसासारख्या लवेत अडकलेलं. थंड, कोरड्या जागी ठेवलं नाही तर काही आठवड्यांत उगवण गमावतं. आपल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनेही संकरासाठी आंबोलीची दमट हवा निवडली.

म्हणजे ज्या तुऱ्याला आपण शिव्या घालतो, त्याच्याच पोटी को 86032 जन्मली. तिचे आईबाप को 62198 आणि कोसी 671. नीरेपलीकडच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं (स्थापना 1932) तिला आपल्याकडे 'नीरा' नावानं आणलं. एका दाण्यातून उगवलेलं एक रोप, आणि तेव्हापासून फक्त कांडीवर कांडी. तिच्या फडातला प्रत्येक ऊस त्या एकाच रोपाचा तुकडा आहे.

याची दुसरी बाजू आपण फार हलक्यानं घेतो, असं मला वाटतं. कांडीबरोबर काणी आणि गवताळ वाढ हे रोगही पुढच्या फडात जातात. त्यामुळे शेजाऱ्याच्या फडातलं मिळेल ते बेणं उचलू नका. 9 ते 11 महिन्यांचं, बेणेमळ्यातलं, उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया झालेल्या बेण्यापासून वाढवलेलं बेणं घ्या, आणि तुरा आलेला ऊस बेण्याला अजिबात वापरू नका. तो थेट कारखान्याला घाला.