घामाचा हिशेब कोण करणार?
कॉलेजच्या खेळाडूला मोबदला मिळावा का, या प्रश्नाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने

लासुर्णे हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचे गाव. इथला मुलगा बारावीनंतर एस.टी.ने एक तर बारामतीच्या कॉलेजात जातो, नाही तर इंदापूरच्या. त्यातले काही तालमीत अंग घुसळणारे असतात. आपल्याकडे गावोगावच्या यात्रेत अशा मुलाने कुस्ती मारली की हलगीच्या ठेक्यावर त्याच्या हातात रोख इनाम पडते. तोच मुलगा कॉलेजतर्फे विद्यापीठाच्या आखाड्यात उतरला आणि जिंकला, तर पदरात पडते पदक, प्रशस्तिपत्रक आणि टाळ्या. त्याचा फोटो कॉलेजच्या माहितीपत्रकात छापला जातो, कॉलेजचे नाव होते. मग घाम एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हा व्यवहार कुठला?

हा प्रश्न धंद्याच्या पानावर कशाला, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, हा धंद्याचाच प्रश्न आहे. यात्रेतले इनाम येते कोठून? किराणावाला, शिंपी, बागवान, खाटीक, गॅरेजवाला यांच्या वर्गणीतून. आणि आखाड्यात उतरणारी पोरेही याच घरांतली असतात.

थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, मुलाला रोज दीड लिटर दूध लागते आणि दर 60 रुपये आहे. महिन्याचे झाले 2,700. अंडी, बदाम, तूप, फळे यांचे 3,000 धरा, जाण्यायेण्याचे 1,000. एकूण 6,700 रुपये. शिवाय तोच मुलगा बापाबरोबर गॅरेजात किंवा मशीनवर बसला असता, तर घरात चार पैसे आले असते, तेही बुडतात. गुडघा निखळला तर दवाखाना वेगळा. ज्या घराला हे झेपत नाही, तिथला मुलगा खेळ सोडतो. कमी पडते ती ताकद नव्हे, भांडवल.

खाशाबांचा धडा

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच महाराष्ट्रातला आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशातून कर्ज फेडले. त्या काळी ऑलिंपिकमध्ये खेळासाठी पैसे घेणाऱ्याला जागा नव्हती. म्हणजे नियम असा की खेळाडूने पैसे घेऊ नयेत, आणि वस्तुस्थिती अशी की पैशावाचून खेळाडू बोटीत पाऊल ठेवू शकत नव्हता.

अमेरिकेने काय केले

अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलवर कोट्यवधी डॉलरचा धंदा चालतो. तिकिटे विकली जात, दूरचित्रवाणीचे पैसे येत, प्रशिक्षकाला गडगंज पगार मिळे, पण खेळाडूला फी-माफी, राहणे-जेवण यापलीकडे काही घेण्यास बंदी होती. जून 2021 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने एकमताने निकाल दिला. त्याच वर्षी 1 जुलैपासून स्वतःचे नाव व चेहरा जाहिरातीला देऊन कमावण्याची त्यांना मोकळीक मिळाली. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार 2025-26 या वर्षात एका कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटण्याची मुभा मिळाली. मात्र यातला मोठा वाटा गर्दी खेचणाऱ्या दोन खेळांकडे जातो. पोहणाऱ्या मुलीच्या हाती फारसे येत नाही.

आपल्याकडे कॉलेजच्या कुस्तीला तिकीट नाही, त्यामुळे वाटायला नफाही नाही. सरकारने 2018 पासून ‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूंना दरमहा 10,000 रुपये हातखर्च देण्याची सोय केली. महाराष्ट्रात दहावी-बारावीला वाढीव गुण आणि सरकारी नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षणही आहे. पण हे सारे नाव झाल्यावर मिळते. नाव होण्याआधीची चार-पाच वर्षे घराच्याच डोक्यावर असतात.

आमचे मत

कॉलेजच्या खेळाडूला पगारी नोकर करावे, असे आम्ही म्हणत नाही. पगार सुरू झाला की हुकूमही सुरू होतो, आणि हरला की पोराला काढून टाकले जाते. शिक्षण आधी सुटते. पण खर्च भागवणे हा पगार नव्हे, आणि ज्याच्या चेहऱ्यावर कोणी कमावतो त्याला वाटा देणे ही मेहेरबानी नव्हे. कारागिराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो नियम आखाड्यातल्या घामाला का लागू नसावा?

आपल्या व्यापारी बांधवांनी चार गोष्टी कराव्यात. यात्रेतल्या एका मोठ्या इनामातला काही भाग काढून दोन-तीन होतकरू मुलामुलींचा खुराक महिन्याच्या महिन्याला बांधून द्यावा. जिंकला तर देऊ, अशी अट घालू नये. हरलेल्यालाही भूक लागते. पैसे खात्यात भरावेत आणि कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना कळवावे. दुकानाच्या फलकावर खेळाडूचा फोटो लावायचा असेल तर मोबदला ठरवून कागद करावा, आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर वडिलांची सही घ्यावी. शेवटचे म्हणजे, पावडरचे डबे भेट देऊ नयेत. त्यात बंदी असलेले औषध निघाले तर शिक्षा खेळाडूलाच होते. दूध, बदाम, अंडी यांनी कोणाचे करियर बुडालेले नाही.

1952 मध्ये एका मास्तरांना घर गहाण ठेवावे लागले. लासुर्ण्याच्या पेठेतल्या दहा दुकानांनी महिन्याला सातशे-सातशे रुपये काढले, तर एका पोराचा महिन्याचा खर्च निघतो. घर गहाण ठेवण्याची वेळ कोणावर येत नाही.