छोटा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि उतारवय

वऱ्हाडात पोळ्याच्या दिवशी बैलांच्या बरोबरीने ट्रॅक्टरलाही हळदकुंकू वाहण्याची रीत आता नवी राहिलेली नाही. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर या पट्ट्यातील संत्र्याच्या बागांत आणि अकोल्याकडील लिंबाच्या बागांत वखर-डवऱ्याची जागा छोट्या, अरुंद ट्रॅक्टरने व त्याच्या मागे जोडलेल्या रोटाव्हेटरने घेतली आहे. ज्यांची बाग लहान त्यांच्याकडे हाताने धरून चालवण्याचे पॉवर टिलर किंवा पॉवर वीडर असते. सालदार मिळत नाही आणि मुले पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेली असतात. त्यामुळे ही यंत्रे चालवणारा हात पुष्कळदा साठी-सत्तरी ओलांडलेला असतो.

या पिढीचे शेतीचे ज्ञान वादातीत आहे, आणि अडचण नेमकी तेथेच सुरू होते. आयुष्यभर बैलांच्या मागे चाललेल्या माणसाच्या अंगात एक विश्वास मुरलेला असतो, की पाय घसरला, हाक मारली, तर जोडी थांबेल. यंत्र थांबत नाही. ते थांबवावे लागते, आणि त्यासाठी लागणारी चपळाई वयाबरोबर उणावत जाते. म्हणून हा विषय शेतीच्या पानावर जितका शोभतो तितकाच आरोग्याच्या पाक्षिकातही शोभतो.

एका सेकंदात दोन मीटर

ट्रॅक्टरच्या मागील बाजूने निघणारा व रोटाव्हेटरला फिरवणारा दांडा, म्हणजे पीटीओ शाफ्ट, हा या साऱ्या जोडणीतील सर्वांत निर्दय भाग आहे. तो मिनिटाला साधारण ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला ९ फेरे. साडेसात सेंटिमीटर जाडीच्या दांड्याभोवती एका सेकंदात सुमारे दोन मीटर कापड गुंडाळले जाते. धोतराचा सोगा, लुंगीचे टोक, खांद्यावरचा दुपट्टा किंवा लुगड्याचा पदर त्यात सापडला, तर ‘अरे’ म्हणेपर्यंत अंग दांड्याशी ओढले गेलेले असते. तरुण माणसालाही तेथे हात मागे घेण्याइतका अवधी मिळत नाही.

आंबिया बहाराचा ताण डिसेंबर-जानेवारीत तोडला जातो. त्या सुमारास बागेत हलकी मशागत करायची, शेणखत मिसळायचे, पाणी सोडायचे, असे काम एकदम अंगावर येते. सकाळी कडाक्याची थंडी असते. वडीलधारी मंडळी मफलर गुंडाळून, शाल पांघरून ट्रॅक्टरवर बसतात. थंडीपासून बचाव योग्यच आहे, पण मफलरऐवजी कानटोपी आणि शालीऐवजी अंगाबरोबर बसणारे, पुढून बंद होणारे जाकीट वापरावे. धोतर नेसण्याची सवय असलेल्यांनी यंत्राच्या कामापुरती विजार घालावी. पायात चप्पल नको. टाच झाकणारा, घट्ट बांधलेला बूट हवा. घरातील स्त्रियांनी चालू यंत्राजवळ डबा किंवा पाणी घेऊन जाऊ नये. आधी इंजिन बंद करायला सांगावे, मग जवळ जावे.

पीटीओवरचे प्लास्टिकचे कवच व रोटाव्हेटरवरचा मागील पत्रा हे भाग दुरुस्तीच्या वेळी काढले जातात आणि बहुधा पुन्हा बसवले जात नाहीत. ‘त्याचं काय काम’ म्हणून ते गोठ्यात पडून राहतात. घरच्या माणसांनी बाकी काही पाहिले नाही तरी चालेल, पण ते कवच जागेवर आहे की नाही एवढे जरूर पाहावे.

प्रत्यक्ष अपघात मात्र बहुतेक वेळा चालवताना नव्हे, अडकलेले काढताना होतो. बागेत ठिबकची नळी जमिनीवर पसरलेली असते. ती पात्यांत गुंतते. कधी पऱ्हाटीचे धसकट, कधी हरळीच्या मुळ्या. चालवणारा खाली उतरतो, पीटीओ बंद केला असे समजून हात घालतो. परंतु पीटीओ सोडल्यानंतरही रोटर काही क्षण आपल्याच वेगाने फिरत राहतो. शिवाय उचललेला रोटाव्हेटर हायड्रॉलिकच्या भरवशावर लटकलेला असतो. तेलाचा दाब सुटला की तो खाली बसतो. यासाठी क्रम ठरलेला आहे आणि तो कधीही मोडू नये. रोटाव्हेटर जमिनीवर टेकवावा, पीटीओ बंद करावा, गिअर न्यूट्रलला आणून हँडब्रेक लावावा, इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी. पाती पूर्ण थांबलेली डोळ्यांनी पाहावीत. उचलूनच साफ करणे भाग असेल, तर खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. नळी कोयत्याने कापून टाकावी. ती वाचवण्याच्या नादात बोटे घालवू नयेत.

पॉवर टिलर व वीडरची गोष्ट थोडी वेगळी. पुढे जाताना ते माणसापासून दूर जाते, पण मागे घेताना पाती थेट चालवणाऱ्याच्या पायांकडे येतात. पाठीमागे झाड, धुरा किंवा भिंत असली तर माणूस दांड्यांमध्ये चेपला जातो. मागे घेताना पाती फिरती ठेवूच नयेत. वाकून, धक्के खात हे यंत्र वळवण्याची ताकद सत्तरीत राहत नाही. या वयात पॉवर वीडर छोट्या ट्रॅक्टरपेक्षा अधिक जोखमीचे ठरते, असे माझे मत आहे, जरी ते दिसायला खेळण्यासारखे असले तरी.

उलटणारा ट्रॅक्टर

काळ्या जमिनीचा स्वभाव वऱ्हाडी माणसाला सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात लोण्यासारखी होते, आणि नाल्याचा काठ वरून भक्कम दिसत असूनही आतून सुटलेला असतो. नाला जितका खोल, किमान तितके अंतर काठापासून राखावे. कठडा नसलेल्या जुन्या विहिरीभोवती ट्रॅक्टर वळवूच नये. तो कोपरा हाताने खणावा किंवा पडीक ठेवावा. सातपुड्याच्या पायथ्याच्या उताराच्या शेतांत आडवे चालवण्यापेक्षा, शक्य तेथे, सरळ चढउतार बरा. चाक रुतले असता क्लच एकदम सोडून जोर लावला, तर पुढची चाके उचलली जातात व ट्रॅक्टर मागे पालथा होतो. सावरता येईल अशी वेळ त्यात एका सेकंदाहूनही कमी असते.

स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर चालकाभोवती संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तेथे पुढील काळात मोठ्या प्रमाणात घटले. आपल्याकडील अनेक छोट्या ट्रॅक्टरांना ती नसते. संत्र्याच्या खालच्या फांद्यांत अडकते म्हणून बागायतदारही ती नको म्हणतात. दुमडती चौकट मिळत असेल तर ती घ्यावी, आणि चौकट उभी असताना पट्टा अवश्य बांधावा. चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र पट्टा बांधू नये.

नातवाला मांडीवर घेऊन ट्रॅक्टर चालवणे हा आजोबांचा मोठा आनंद असतो. तो आनंद उभ्या, बंद ट्रॅक्टरवर घ्यावा. मडगार्डवर कोणाला बसवणे, किंवा वजन पडावे म्हणून रोटाव्हेटरवर माणूस उभा करणे, हे तर कदापि नको.

रोटाव्हेटर खोल लावण्याचा मोहही आवरावा. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरात असतात. खोल मशागतीने ती तुटतात, आणि जखमी मुळांतून डिंक्यासारख्या बुरशीजन्य रोगाला वाट मिळते. उथळ मशागतीत यंत्रावर ताण कमी, झटके कमी, आणि कमरेच्या मणक्यांनाही तितकाच आराम.

शरीराची झडती

यंत्राची सर्व्हिसिंग वेळेवर होते. चालवणाऱ्याची होत नाही. रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे बसल्याजागेवरून उठताना दाब एकदम उतरतो आणि चक्कर येते. ट्रॅक्टरवरून उतरणे हे असेच एकाएकी उठणे आहे. इंजिन बंद केल्यावर मिनिटभर बसून राहावे, पायांचे पंजे हलवावेत, मग उतरावे. उतरताना शिडीवरून उतरतो तसे ट्रॅक्टरकडे तोंड करावे. दोन हात व एक पाय, किंवा दोन पाय व एक हात, सतत टेकलेले असावेत. उडी मारू नये. हाडे ठिसूळ झालेल्या वयात तेवढ्या उंचीवरून पडणेही खुब्याचे हाड मोडायला पुरते.

दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या तळपायांची जाणीव मंदावते. क्लच किती दाबला, ब्रेकवर पाय आहे की बाजूला, हे त्यांना नीट कळत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन उपाशीपोटी शेतावर जाणे तर धोक्याचेच. खिशात गूळ किंवा साखर असावी. सर्दीची गुंगी आणणारी गोळी अथवा झोपेची गोळी घेतली असेल, तर त्या दिवशी ट्रॅक्टर नाही. पेसमेकर असलेल्यांनी चालू पेट्रोल इंजिनावर छाती टेकेल असे वाकू नये आणि यंत्र वापरण्यापूर्वी आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांची छोटी जखमही लवकर थांबत नाही. त्यांची चिठ्ठी पाकिटात असावी.

मृग बहारासाठी बागेला उन्हाळ्यात ताण दिला जातो आणि मृगाच्या तोंडावर मशागतीची घाई होते. अकोला-अमरावतीचा पारा तेव्हा ४५ अंशांपर्यंत चढतो. वृद्धांना तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. सकाळी दहानंतर यंत्र सावलीत लावलेले बरे. सुक्या मातीच्या धुळीने दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. त्यांनी नाकावर मास्क बांधावा, गाठीचे टोक लोंबते ठेवू नये.

घरच्यांनी अंगणातच एक साधी परीक्षा घ्यावी. बंद ट्रॅक्टरवर बसवून क्लच पूर्ण दाबून दहा अंक मोजायला सांगावे. दोन्ही खांद्यांवरून मागे वळून रोटाव्हेटरचे दोन्ही कोपरे दिसतात का, हे विचारावे. मानेचे मणके झिजलेल्यांना ते पुष्कळदा दिसत नाहीत. मागून साध्या आवाजात हाक मारून पाहावी. हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठता येते का, तेही बघावे. यांतील एकही गोष्ट जमली नाही, तर भाड्याने ट्रॅक्टर सांगावा. हे बाबांना सांगणे अवघड आहे, यात शंका नाही. ‘तुमच्याने होत नाही’ असे म्हटलेले कोणताही शेतकरी ऐकणार नाही. ‘तुम्ही धुऱ्यावर उभे राहा, किती खोल लावायचा ते सांगा’ असे म्हटले तर बहुधा ऐकेल, कारण भाड्याच्या चालकाला झाडांची मुळे कोठवर गेली आहेत ते खरोखरच ठाऊक नसते.

अपघात झालाच तर

मोबाइल ट्रॅक्टरच्या पेटीत नको, अंगावर हवा. कोणत्या शेतात जातो व किती वाजता परततो, हे घरी सांगून जावे. अनेक डिझेल ट्रॅक्टर किल्ली फिरवून बंद होत नाहीत; त्यांना ओढायची वेगळी दांडी असते. ती कोठे आहे, हे सूनबाईंपासून शाळकरी नातवापर्यंत साऱ्यांना ठाऊक असावे, कारण धावत येणारे पहिले माणूस तेच असते.

इंजिन बंद केल्यावर अडकलेला हात-पाय ओढू नये, रोटर उलटा फिरवून सोडवण्याचा प्रयत्नही करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून घट्ट दाबून धरावी आणि सारखी उचलून पाहू नये. हळद, चहापत्ती, माती यांपैकी काहीही भरू नये. बोट तुटले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने जखमीला काही खायला-प्यायला देऊ नये. जखम छोटी असली तरी शेतातली आहे, तेव्हा धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.

राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू अथवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख रुपये, एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी व त्याच्या कुटुंबातील आणखी एक व्यक्ती तीत येते. अर्जाविषयी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे. वयाची अट मात्र १० ते ७५ वर्षे अशी आहे. पंचाहत्तरी उलटलेल्या बाबांचा त्यात समावेश होत नाही.